पुणे दिसणारा टीव्ही

समुद्रपूरच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी वळकटी स्वतः बसच्या टपावर चढवली, स्वतः बांधली, आणि खाली उतरून कंडक्टरला दोनदा विचारलं की पक्की बांधली आहे ना. चौऱ्याहत्तरचं साल होतं. कापूस वेचणीला आला होता, थोरली बहीण सासरी होती, आणि ऐन वेचणीत घरातला एकुलता एक मुलगा पुण्याला निघाला म्हणून स्टँडवरचे चार लोक आमच्याकडं टकमक बघत होते. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मला टर्नरची नोकरी लागली होती. आयटीआय केलेल्या पोरानं त्या काळी याहून जास्त काही मागायचं नसतं. माय घरूनच रडून आली होती, त्यामुळं स्टँडवर ती एकदम टणक होती. बाबा खिडकीशी आले.

"पाच वर्सं कर," ते म्हणाले. "विहिरीवर इंजिन बसवू. मंग ये."

मी हो म्हणालो. त्या वयात कशालाही हो म्हणता येतं. बस सुटली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही. आमच्याकडं तशी रीतच नव्हती. बस दिसेनाशी होईपर्यंत माणूस नुसता उभा राहायचा. मी मागं वळून पाहिलं तेव्हा दोघं तशीच उभी होती, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना हे 'पाच वर्सं' ठाऊक असेल. कुणाचं बहिणीच्या लग्नापर्यंत असतं, कुणाचं घरावर पत्रे पडेपर्यंत. आणि जे गावात राहिले त्यांनी ते ऐकून घेतलेलं असतं, विश्वास ठेवून. कुणीच खोटं बोलत नसतं, हीच त्यातली पंचाईत आहे.

पुण्यात मी रुळलो. आधी चौघांत एक खोली, मग लग्न झाल्यावर दोघांत एक खोली. शिफ्ट, ओव्हरटाइम, कॅन्टीन, पीएफ हे शब्द तोंडात बसले आणि 'मले'चं 'मला' झालं. पहिल्या महिन्यात कॅन्टीनमध्ये मी "जेवून राह्यलो" म्हणालो तर सगळं टेबल हसलं होतं. दोन वर्षांनी गावी जाऊन "जेवतोय" म्हणालो तर माय हसली. दोन्हीकडं हसं करून घेण्यात मी पटाईत झालो होतो. विहिरीवर इंजिन कधीच बसलं होतं. बाबा दर भेटीत विचारायचे, "मंग, कधी येतं?" आणि मी म्हणायचो, या वर्षी प्रमोशनचं चाललंय, पुढच्या वर्षी बघू. ते मान हलवायचे आणि उठून बैलांना वैरण टाकायला जायचे.

असं करत करत चौऱ्याऐंशी उजाडलं. नागपूरच्या मनोऱ्यावरून टीव्ही आमच्या बाजूलाही दिसायला लागला होता. गावात दोन घरांवर उंच बांबूला अँटेना चढले होते, आणि मायनं मला हे असं सांगितलं की जणू त्या दोन घरी नात जन्मली. तिकडं पुण्यात आम्ही एका सोसायटीत ब्लॉक बुक केला होता. एक खोली आणि किचन, इमारत अजून अर्धवट. दिवाळीला गावी एकटाच आलो तो हे सांगायलाच. आता परत येणं नाही, हे एकदाचं बोलून टाकायचं होतं. आणि नुसतं कसं सांगायचं म्हणून बरोबर जाहीर केलं, की या दिवाळीला आपण टीव्ही घेऊ. मी येत नाही, त्याऐवजी टीव्ही ठेवून घ्या, असं कोणी तोंडानं म्हणत नाही. पण बेत तोच होता.

मायनं त्याच दुपारी कोपऱ्यातला टोपल्यांचा ढीग हलवून जागा केली आणि जुन्या लुगड्याचं कव्हर शिवायला घेतलं. टीव्ही केवढा हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी शिवायला घेतलं. बाबा म्हणाले, "घेऊ. पण मी येतो संगं. वस्तू मी पाह्यन."

आमच्या पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा झाला की लोक बाबांना बरोबर न्यायचे. दात, खूर, शेपटीचा गोंडा सगळे बघतात. बाबा त्यावर थांबत नसत. बैल जुंपून दाखवा म्हणत. बंडीला जुंपून, तेही रिकाम्या नव्हे, भरल्या गाडीला जुंपून दोन फेऱ्या मारल्याशिवाय ते सौद्याला हात लावू देत नसत. विकणारा कितीही नात्यातला असो, कितीही शपथा घेवो. त्यापायी काही सोयरे दुखावलेही, पण बाबांनी पाहिलेल्या बैलात कधी कुणी फसलं नाही.

तेव्हा वर्ध्याला आम्ही पहिल्या बसनं निघालो. मी म्हणालो, बाबा, एवढ्या सकाळी जाऊन काय करायचं, टीव्हीवर संध्याकाळशिवाय काही दिसत नाही. "बाजारात सकाळीच पोचा लागते," ते म्हणाले. "मंग उरलासुरला माल राह्यते." हिंगणघाटवरून वर्ध्याला पोचलो तेव्हा दुकानदार नुकता उदबत्ती लावत होता.

दुकान नवं होतं. शटरवाल्या लाकडी कपाटातले टीव्ही ओळीनं मांडलेले, वर छोटे पोर्टेबल, एक रंगीत मधोमध मिरवत होता. बाजूला टू-इन-वन, स्टॅबिलायझर, आणि काचेच्या कपाटात कुलपाआड एक व्हीसीआर. बाबांनी सगळ्यांसमोरून एक चक्कर मारली. मग एका लाकडी टीव्हीपाशी थांबले, त्याच्या मागं गेले, पाठ पाहिली, बाजूवर बोटांनी टकटक केलं, शटर चारदा उघडून लावून पाहिलं. दात तेवढे पाहायचे राहिले.

"काकाजी, कंपनीचा माल हाये," दुकानदार म्हणाला. "डोये मिटून घेऊन जा."

"डोये मिटून कसा नेऊ भाऊ? पाहाचीच वस्तू आहे ना थे?" बाबा म्हणाले. "चालवून दाखवा."

दुकानदारानं बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खरखर. आता काही नसते, संध्याकाळी सुरू होते, हे त्यानंही सांगितलं. गिऱ्हाईक जातंय असं वाटून तो व्हीसीआरचं कुलूप काढायला लागला. त्यावर कॅसेट लावून दाखवतो म्हणाला. बाबांनी हात आडवा केला. "थे तुमच्या मशिनीचं झालं. याच्या अंगचं दाखवा. आमी सांजी येतो."

असा आख्खा दिवस आमच्या पदरात पडला. मोठा झाल्यावर मी बाबांबरोबर एवढा वेळ कधीच काढला नव्हता. गावी गेलो की ते शेतात, मी ओट्यावर. संध्याकाळी चार माणसं येऊन बसायची आणि बोलणं सगळ्यांचं मिळून व्हायचं. आज आम्ही दोघंच. त्यांनी मला त्यांचं वर्धा दाखवलं. ते माझ्या वर्ध्याहून वेगळं होतं. माझं वर्धा म्हणजे रेल्वे स्टेशन. त्यांचं म्हणजे जिनिंगचं फाटक, जिथं कापसाच्या बंड्या रांगेत लागायच्या आणि माणसं बंडीखालीच भाकर खाऊन पडायची. कुठल्या झाडाखाली कुठला बैल बांधला होता हे त्यांना अजून आठवत होतं. दुपारी आम्ही आलूबोंडे आणि तर्री खाल्ली. तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाले, "तिकडं गोड खाऊन खाऊन जिभेचं पार वाटोयं झालं तुया."

मग कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा पसरून बसलो. बोलायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती. मी मनात वाक्य जुळवत होतो, आणि प्रत्येक वेळी तोंड उघडायच्या आत बाबाच काहीतरी विचारायचे.

"तू राह्यतं तिथून कारखाना कोण्या अंगाले?"

मी सांगितलं, उत्तरेला.

"बस कुठं धरतं? तिथं काई खूण हाये का?"

मी म्हणालो, पिठाची गिरणी आहे, समोर एक गुलमोहर आहे.

"गिरणीवर पाटी हाये? कोण्या रंगाची?"

सूनबाई पाणी कुठून भरते, कारखान्याचं फाटक लोखंडी की लाकडी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुठला देव, असं एकामागून एक. मला वाटलं, गावात सांगायला माल गोळा करतायत. थोडा कंटाळलोही. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी हे विचारलं नव्हतं, आणि आजच काय झालंय असं मनात आलं, पण पुढं विचार केला नाही.

दिवेलागणीला दुकानात परत आलो तेव्हा दारात रोजची फुकटी गर्दी जमली होती. दुकानदारानं बाबांसाठी खुर्ची मांडली. पडदा उजळला, आणि मुंग्या जाऊन एक बाई दिसायला लागली, हिंदीतून बोलणारी. मग कुठल्याशा गव्हाच्या शेतात ट्रॅक्टर फिरायला लागला. बाबांनी चष्मा लावला आणि ताठ बसले. माणसं स्पष्ट, आवाज स्पष्ट. त्यांनी उठून बाजूनं पाहिलं, परत बसले. दुकानदारानं पावतीबुक पुढं ओढलं.

"चांगला हाये," बाबा म्हणाले. "आता पुणे लावा."

"काय लावू?"

"पुणे. हा राह्यते तिकडं. लावा."

दारातली गर्दी हसली. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणाला, "काकाजी, तसं नसते. दिल्लीवाले जे दाखवतीन थेच सगळीकडं दिसते. पुणे लावतो म्हटलं तं लागत नाई."

"रेडिओवर लागते ना," बाबा म्हणाले. ते ओशाळले नव्हते, त्यांना खरोखर नवल वाटत होतं. "नागपूर लागते, मुंबई लागते, पुणे लागते. काटा फिरवा लागते फक्त. मी रोज पाह्यटे पुणे लावतो. पाणी आला का नाई आला, थंडी किती, सारं समजते. काटा चुकू नये म्हून काचेवर चुन्याचा ठिपका लावून ठेवला म्या."

तो ठिपका मी पाहिला होता. शेजारच्या पोरांचा उद्योग समजून एकदा नखानं खरवडायलाही गेलो होतो, तेव्हा माय केवढ्यानं ओरडली होती. आणि गावी गेल्यावर बाबा म्हणायचे, मागच्या हप्त्यात तुमच्याकडं लय पाणी झाला म्हणे. मला वाटायचं, पेपरात वाचलं असेल. म्हणजे दहा वर्षं हा माणूस रोज पहाटे माझ्या डोक्यावरचं आभाळ विचारून घेत होता, आणि आता रेडिओवर ऐकू येतं ते टीव्हीवर दिसेल म्हणून सकाळपासून वाट पाहत बसला होता. पिठाची गिरणी, गुलमोहर, लोखंडी फाटक. दिसल्यावर ओळखता यावं म्हणून त्यानं ते सगळं विचारून घेतलं होतं. मला त्या दुकानात भरल्या गर्दीत रडू येईल असं वाटलं, आणि मी उगाच स्टॅबिलायझरवरची पाटी वाचत उभा राहिलो.

बाबा खुर्चीतून उठले. "मंग राहू द्या भाऊ. दिवसभर तुमाले तरास देल्ला."

"काकाजी, चित्र कितीक साफ आहे, पाह्यलं ना तुमी?"

"चित्र बेस हाये. मले पाहाचं होतं थे नाई त्यात."

स्टँडवर बस लागायची होती. आम्ही बाकावर बसलो, आमच्यामध्ये रिकामी पिशवी. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. "बाबा, मी पुण्यात ब्लॉक बुक केलाय," मी म्हणालो. घाबरलो की माझ्या तोंडून पुण्याची भाषा निघते.

"मालूम हाये."

"कुणी सांगितलं?"

"कोण काऊन सांगन? तू टीव्ही घेतो म्हणालास तवाच समजलं." ते समोरच्या बसकडं बघत होते. "थे जाऊ दे. पण तू राह्यतं कुठं थे मले दिसतच नाई. माय पुसते, आता काय करत असन आपला दिवाकर. मी काय सांगू? डोयासमोर काईच येत नाई. तुले इथंच पाह्यतो म्या, ओट्यावर, विहिरीवर. दहा वर्सं झाले, तू तिथं नाईस." मग म्हणाले, "मले घेऊन चाल एकडाव."

घरी माय कव्हर हातात घेऊन दारात उभी होती. आमचे मोकळे हात पाहून तिचा पारा चढला. "सकायपासून दोघं बाप-लेक गेलते, अन् हात हालवत आले? दुकानं जळाले का वर्ध्यातले?" बाबा म्हणाले, टीव्ही नाही घेतला, मी याच्याबरोबर पुण्याला चाललो. "अन् मी काय इथं जनावरं राखू?" माय म्हणाली. बैल शेजाऱ्याच्या हवाली झाले आणि आम्ही तिघं पुण्याच्या गाडीत बसलो. मायनं ते कव्हर उशीला घातलं.

आमच्या खोलीत छोटा टीव्ही होता. दोघांनी त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. बाबा पहिल्या सकाळी माझ्याबरोबर बसस्टॉपवर आले, गिरणी पाहिली, गुलमोहराच्या बुंध्याला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकापर्यंत आले आणि मी आत जाईपर्यंत उभे राहिले. सुट्टी झाल्यावर बाहेर आलो तर तिथंच, वॉचमनशी तंबाखू मळत. माझी बायको नळावर गेली की माय मागोमाग जायची आणि नळाची धार किती बारीक आहे यावर दिवसभर बोलायची. कुठं देवळं, बागा, राजवाडे दाखवायला नेतो म्हटलं तर बाबा म्हणायचे, "थे कायले? तू जातं तिथं ने."

जायच्या आदल्या दिवशी त्यांना ब्लॉक दाखवायला नेलं. तिसरा मजला, जिन्याला कठडा नाही, वर नुसते खांब आणि स्लॅब. भिंती यायच्या होत्या. मायनं गॅस कुठं ठेवायचा ते ठरवूनही टाकलं. बाबांनी सूर्य कुठून येतो विचारलं, चारी कोपऱ्यांत जाऊन उभे राहिले, मग मधोमध कच्च्या सिमेंटवर दुपट्टा टाकून मांडी घालून बसले. बराच वेळ बसले.

"गावात लोक पुसतात," ते म्हणाले. "तुमचा दिवाकर कवा येते? मी सांगतो, इंजिन बसलं का येते, औंदाचं पीक निघालं का येते. दर साली नवं सांगतो. आता नाई सांगत. आता कोणी पुसलं तं सांगन, त्याचं घर तिकडं हाये, मी बसून पाह्यलं."

माय खांबाकडं तोंड करून उभी राहिली.

हेच मला हवं होतं. ही परवानगी मिळावी म्हणून मी महिनोन्महिने वाक्यं जुळवली होती, टीव्हीचं आमिष आणलं होतं. ती न मागता मिळाली, आणि ती मिळाली त्या क्षणी मला गावी जावंसं वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं. सगळं सोडून त्या दोघांबरोबर दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसावं असं वाटलं. पण सकाळची शिफ्ट होती. मी त्यांना स्टेशनवर बसवून दिलं आणि कामावर गेलो.

पुढं मायच्या हट्टानं टीव्ही आलाच, आणि बाबा त्यापुढं बसून डुलक्या घ्यायचे असं कळलं. मी नेमानं जात राहिलो. माझ्यासाठी आता सतरंजी अंथरली जायची, नव्या कपात चहा यायचा, निघताना सूनबाईसाठी खारोड्या, कुरड्या बांधून दिल्या जायच्या. बाबा बैलांबद्दल, कापसाबद्दल सगळं सांगायचे. फक्त "कधी येतं?" हे त्यांनी परत विचारलं नाही. मी दर वेळी चपला घालताना जरा रेंगाळायचो. ते दोघं आता नाहीत, शेत बहिणीकडं आहे, आणि या ब्लॉकात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. तुमच्यातल्या कुणी मला घर म्हणजे काय असं विचारलं तर माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे. ज्या दारात एके दिवशी आपली वाट पाहणं थांबतं, आणि आपण स्वतःच ते ओढवून घेतलेलं असूनही आपल्याला ते सोसत नाही, ते घर. मला ते आजही सोसत नाही.